वाचलेलं डोक्यात राहत नाही: कागदाकडे परतावं, की स्क्रीनवरचं वाचन सुधारावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गेलं वर्षभर तुमचं बहुतेक वाचन फोनवर आणि सहा इंची ई-रीडरवर चाललंय. कादंबऱ्या सहज वाचून होतात, पण इतिहास, अर्थशास्त्र, वैचारिक लेखन असं काही वाचलं की महिन्याभराने ढोबळ विषयापलीकडे काही आठवत नाही. रात्री डोळे चुरचुरतात. छापील पुस्तक हातात घेतलं की बरं वाटतं, पण घरात जागा उरलेली नाही. मित्र म्हणतात, हा नुसता सवयीचा आणि भावनेचा भाग आहे. ते खरं आहे का, आणि परत कागदाकडे वळावं का?

माझं काम पुस्तकांची पानं लावण्याचं, छापील आवृत्तीची आणि ई-आवृत्तीचीही. एकच मजकूर कागदावर, ई-रीडरवर आणि फोनवर किती वेगळा दिसतो, वाचक कुठे अडखळतो, हे त्यात सतत तपासावं लागतं. त्या अनुभवावरून सांगायचं तर तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी एकत्र झाल्या आहेत: लक्षात न राहणं, डोळ्यांचा त्रास आणि जागा. तिन्हींची कारणं निराळी आहेत. "कागद चांगला की स्क्रीन" असं एकच उत्तर शोधायला गेलात तर तिन्ही तक्रारी तशाच राहतील.

आधी भावनेचा मुद्दा. आवड आणि आकलन या दोन गोष्टी एकमेकींवर फारशा अवलंबून नसतात, आणि याचे पुरावे आहेत. लॉरेन सिंगर आणि पॅट्रिशिया अलेक्झांडर यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मजकूर दोन्ही माध्यमांत वाचायला दिला. बहुतेकांची पसंती स्क्रीनला होती, स्क्रीनवर आपल्याला जास्त समजलं असंही त्यांना वाटत होतं. मजकुराचा मुख्य विषय सांगण्यात खरोखरच फरक पडला नाही. पण त्यातले महत्त्वाचे मुद्दे आणि तपशील आठवण्यात छापील मजकूर वाचताना ते सरस ठरले. "ढोबळ विषयापलीकडे काही आठवत नाही" ही तुमची तक्रार याच्याशी तंतोतंत जुळते. तेव्हा मित्रांचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. सवयीचा वाटा आहे, पण तुम्हाला जाणवतोय तो फरक खोटा नाही.

हा फरक किती मोठा, तेही नीट समजून घ्या. पाब्लो देल्गादो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये, २००० ते २०१७ या काळातले ५४ अभ्यास एकत्र करून ताडून पाहिले. त्यात मिळून १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक होते. निष्कर्ष असा की कागदावरचं आकलन सरस, पण फरक लहान. माहितीपर मजकुरात तो दिसतो, निव्वळ कथात्म मजकुरात दिसत नाही. वाचायला वेळ बांधून दिलेला असेल तर तो वाढतो. आणि पडद्यांची सवय वाढत गेली तसा तो कमी व्हायला हवा होता, तसं झालेलं नाही. तुमच्या कादंबऱ्या ई-रीडरवर नीट वाचून होतात आणि अर्थशास्त्र होत नाही, यात तुमच्या स्मरणशक्तीचा काही दोष नाही.

आता कारण. मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो राकेफेट अ‍ॅकरमन आणि मॉरिस गोल्डस्मिथ यांचा २०११ चा अभ्यास. वरच्या एकत्रित निष्कर्षापेक्षा वेगळं म्हणजे, या अभ्यासात वाचनाचा वेळ ठरवून दिला तेव्हा कागदवाले आणि स्क्रीनवाले बरोबरीत राहिले. किती वेळ वाचायचं हे ज्याच्या त्याच्यावर सोडलं, तेव्हा स्क्रीनवाले मागे पडले, आणि आपल्याला किती समजलंय याचा त्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाला. म्हणजे स्क्रीनवर अक्षरं कमी समजतात असं नाही. स्क्रीनवर माणूस "कळलं" असं म्हणून लवकर पुढे सरकतो. फोनवर आपण दिवसभर जे वाचतो ते चाळायचं असतं: निरोप, बातम्या, मथळे. त्याच हाताने, त्याच अंतरावर, त्याच अंगठ्याने पुस्तक उघडलं की डोळे त्याच वेगाने पळतात. हे दुरुस्त करता येतं, आणि त्यासाठी कागदच लागतो असं नाही. वेगाला आवर घालणारं काहीतरी लागतं.

दुसरं कारण जागेचं आहे, पानातल्या जागेचं. छापील पुस्तकात एखादा मुद्दा डाव्या पानावर, खालच्या भागात, तक्त्याच्या जरा वर होता असं आठवतं. पुस्तक किती वाचून झालं हे दोन्ही हातांतल्या पानांच्या जाडीवरून कळत राहतं. मजकुराचा क्रम लक्षात ठेवायला या खुणांचा आधार मिळतो. अ‍ॅन मँगन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ५० जणांना एकच मोठी रहस्यकथा दिली, निम्म्यांना छापील आणि निम्म्यांना किंडल या ई-रीडरवर. बहुतेक चाचण्यांत दोन्ही गट सारखेच होते. कोणती घटना कधी आणि कशानंतर घडली हे लावायचं होतं, तिथे मात्र छापील प्रत वाचणारे पुढे राहिले. इतिहासाच्या पुस्तकात अर्धं काम घटनाक्रमाचंच असतं, त्यामुळे तिथे हा तोटा जास्त जाणवतो.

ई-रीडरवर या खुणा तुम्ही स्वतःच्या हातानेही पुसत असता. अक्षराचा आकार बदलला की सगळ्या पुस्तकाची पानं नव्याने पडतात. काल वरच्या कोपऱ्यात वाचलेला परिच्छेद आज तळाला जातो. म्हणून पुस्तक सुरू करताना पहिल्या दहा मिनिटांत अक्षर, समास आणि ओळींमधलं अंतर ठरवून टाका आणि पुस्तक संपेपर्यंत त्याला हात लावू नका. सरकवत वाचण्याची सोय बंद करून पान उलटण्याची चालू करा. सरकणाऱ्या मजकुरात कुठलीच ओळ एका जागी ठरत नाही. तळाशी टक्क्यांऐवजी "या प्रकरणात किती पानं उरली" हे दाखवायची सोय असेल तर ती लावा. प्रकरणाची लांबी डोळ्यांसमोर राहिली की मुद्दे कुठवर आलेत याचं भान राहतं.

आता मांडणीकडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या त्रासाचा बराच मोठा भाग इथे आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. फोनवर वाचलेली तुमची वैचारिक पुस्तकं पीडीएफ आहेत असं तुम्ही लिहिलंय. पीडीएफ म्हणजे ठरावीक आकाराच्या कागदासाठी गोठवलेलं पान. साधारण पुस्तक डेमी आकाराचं धरू, म्हणजे पान साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. मजकुराचा पट्टा सव्वाचार इंच आणि अक्षर १३ पॉइंटचं (पॉइंट हे अक्षराचा आकार मोजायचं एकक, इंचाचा बहात्तरावा भाग). तुमच्या फोनचा पडदा उभा धरल्यावर साधारण २.७ इंच रुंद. अख्खं पान त्यात बसवलं की ते निम्म्याहून किंचित कमी होतं, आणि १३ पॉइंटचं अक्षर ६.४ पॉइंटवर येतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार, वेलांट्या असतात आणि खाली उकार. रोमन लिपीपेक्षा ओळीला उभी जागा जास्त लागते, म्हणून त्याच पॉइंटला मूळ अक्षराचा देह लहान राहतो. साडेसहा पॉइंटला ष्ट आणि ष्ठ, घ आणि ध, भ आणि म हे वेगळे दिसत नाहीत, मेंदू ते संदर्भाने ओळखतो. ओळखीच्या शब्दांची कादंबरी त्यावर निभावते. "राष्ट्रीयीकरण", "द्विपक्षीय", "मुद्राविस्तार" असे शब्द एकामागून एक यायला लागले की सगळी ताकद अक्षर ओळखण्यात जाते आणि अर्थासाठी थोडीच उरते.

मग आपण दोन बोटांनी पान मोठं करतो, आणि प्रत्येक ओळीसाठी डावीकडे-उजवीकडे सरकवत बसतो. प्रत्येक वेळी पुढच्या ओळीची सुरुवात शोधावी लागते. लांब वाक्याचा धागा तिथेच तुटतो.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, समास कापणं. बहुतेक पीडीएफ वाचकांत "क्रॉप" किंवा "मार्जिन ट्रिम" असतं. पानाचा पांढरा समास कापला की सव्वाचार इंचांचा मजकूर पूर्ण रुंदी घेतो. फोनवर अक्षर ८.३ पॉइंटपर्यंत येतं, म्हणजे अजूनही लहानच. तुमच्या सहा इंची ई-रीडरची रुंदी मात्र साधारण ३.६ इंच असते. तिथे समास न कापता अक्षर साडेआठ पॉइंटचं दिसतं, आणि कापल्यावर ११ पॉइंटचं. हा फरक लहान वाटेल, पण वाचता न येणं आणि वाचता येणं यातला तो फरक आहे. सम आणि विषम पानांचे समास वेगळे असतात, त्यामुळे दोन्हींसाठी वेगळं कापायची सोय आहे का ते बघा. नाहीतर एका पानाआड कडेची अक्षरं जातील. दुसरा उपाय, फोन आडवा धरणं. अक्षर छापील पुस्तकापेक्षाही मोठं होतं, पण पडद्यावर जेमतेम आठ ओळी मावतात. लेखाला ठीक, पुस्तकाला नको. तिसरा आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तेच पुस्तक ईपब स्वरूपात मिळवणं, ज्यात मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतः पुन्हा मांडला जातो.

जुनी मराठी पीडीएफ असेल तर आधी एक तपासणी करा. एक ओळ निवडून कॉपी करा आणि दुसरीकडे चिकटवा. नीट मराठी उमटलं तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या सामायिक अक्षर-संकेतांत आहे, शोध चालेल. भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं उमटली तर पुस्तक युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लावलेलं आहे. ते दिसतं व्यवस्थित, पण त्यात शब्द शोधता येणार नाही आणि ईपबमध्ये रूपांतरही सरळ होणार नाही. ओळ निवडताच आली नाही तर ती पानांची नुसती छायाचित्रं आहेत. शोध हाच स्क्रीनचा सगळ्यात मोठा फायदा, आणि या दोन प्रकारांत तोच नसतो. अशी पुस्तकं अभ्यासासाठी स्क्रीनवर वाचण्यात कागदाचे फायदे नाहीत आणि स्क्रीनचेही नाहीत.

ईपब असेल तर मराठीसाठी सेटिंग असं ठेवा. दोन्ही कडा सरळ ठेवणारी जुळणी बंद करून डावीकडून जुळणी करा. ओळीच्या शेवटी मराठी शब्द तोडण्याची सोय वाचन-अ‍ॅपमध्ये सहसा नीट चालत नाही. मग अरुंद पडद्यावर दोन कडा जुळवण्यासाठी शब्दांमध्ये मोठमोठ्या फटी पडतात आणि नजर त्या फटींत अडकते. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या साधारण दीडपट ठेवा. छापील पुस्तकात १३ पॉइंटला १८ पॉइंटचं अंतर असतं, पडद्यावर किंचित जास्त बरं. अक्षर इतकं मोठं करा की एका ओळीत सात-आठ शब्द बसतील. पाचच्या खाली गेलात तर डोळ्यांच्या उड्या वाढतात, बाराच्या वर गेलात तर पुढची ओळ चुकते. फोनवर हे गणित जमतच नाही, एकतर शब्द कमी पडतात किंवा अक्षर. लांब पुस्तकासाठी मी फोन सुचवत नाही, त्याचं मुख्य कारण हेच.

फॉन्टचं एक सांगतो. बरेच ई-रीडर मराठीसाठी एखादाच फॉन्ट देतात आणि तो बारीक रेषांचा असतो. अनेक यंत्रांत यूएसबी वायरने जोडून "फॉन्ट्स" नावाच्या फोल्डरमध्ये स्वतःची फॉन्ट फाइल टाकता येते. "मुक्त" (Mukta), नोटो सेरिफ देवनागरी, तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट मोफत मिळतात आणि लांब वाचनाला चालतात. ई-इंकवर, म्हणजे ई-रीडरच्या पडद्यावर, फॉन्टची थोडी जाड रेषांची आवृत्ती घ्या. ल आणि श हिंदी वळणाचे दिसत असतील तर पुस्तकाच्या फाइलमध्ये भाषा "मराठी" अशी नोंदलेली नसण्याची शक्यता असते, ई-पुस्तकं सांभाळणाऱ्या कॅलिबरसारख्या प्रोग्रॅममधून ती नोंद बदलता येते.

डोळ्यांकडे वळतो. चुरचुरण्याची मुख्य कारणं दोन: पापण्या कमी लवणं आणि अंतर. लक्ष देऊन वाचताना पापण्या कमी लवतात, स्क्रीनसमोर आणखी कमी. डोळ्यांच्या पातळीवर ठेवलेल्या पडद्याकडे बघताना डोळे जास्त उघडे राहतात आणि लवकर कोरडे पडतात. पुस्तक आपण खाली धरतो, तेव्हा पापणीने डोळा अर्धा झाकलेला असतो. अंतराचं गणित तर साधं आहे. ४० सेंटिमीटरवरचं पुस्तक वाचायला डोळ्याच्या भिंगाला अडीच डायॉप्टरचा (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक) ताण घ्यावा लागतो, २० सेंटिमीटरवर आणलेल्या फोनला पाच. बारीक अक्षरामुळे फोन जवळ येतो, म्हणजे डोळ्यांचा त्रासही अखेर मांडणीतूनच येतो. चाळिशी ओलांडली असेल तर इतक्या जवळचं दिसणंच अवघड होतं, आणि तिथे चश्म्याचा नंबर तपासणं हे कुठल्याही सेटिंगच्या आधी.

उजेड असा जुळवा. फोनशेजारी कोरा पांढरा कागद धरा. पडदा कागदापेक्षा दिव्यासारखा उजळ दिसत असेल तर कमी करा, कागदापेक्षा करडा दिसत असेल तर वाढवा. खोलीतला दिवा बदलला की पुन्हा बघा. अंधाऱ्या खोलीत उजेड अगदी कमी करून वाचू नका. बऱ्याच ओलेड पडद्यांत (ज्यांत प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो) कमी उजेड हा पडदा अतिशय वेगाने चालू-बंद करून मिळवला जातो आणि काहींना त्याने डोकं दुखतं. फोनच्या सेटिंगमध्ये ही लुकलुक (फ्लिकर) कमी करण्याचा पर्याय असेल तर तो लावा. काळ्यावर पांढरी अक्षरं रात्री सुखद वाटतात, पण बाहुली मोठी होते, अक्षरांच्या कडा पसरतात, आणि दृष्टिवैषम्य असलेल्यांना हे जास्त जाणवतं. आपल्या लिपीतल्या बारीक वेलांट्या त्यात आधी विरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघायचा नियम साधा आहे, पाळा.

ई-रीडरचं तंत्र मुळातच वेगळं आहे, म्हणून फोनची तक्रार त्याच्यावर ढकलू नका. ई-इंकच्या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत विद्युतभारित काळे-पांढरे कण. विद्युतदाब दिला की हवे ते कण वर येतात आणि तिथेच राहतात. पान स्थिर असताना वीज लागत नाही आणि पडद्यातून प्रकाश डोळ्यांत येत नाही, बाहेरचा उजेडच परावर्तित होतो. पुढचा दिवा लावला तरी तो कडेने पडद्याच्या पृष्ठभागावर पसरतो. आजच्या चांगल्या यंत्रांत इंचाला ३०० ठिपके असतात, साध्या मजकुराला ते पुरेसे आहेत. उणीव आहे ती पांढरेपणात. पार्श्वभूमी जुन्या वर्तमानपत्रासारखी करडी असते, त्यामुळे कागदाइतकाच, खरं तर जरा जास्त, उजेड लागतो. मागच्या पानाची पुसट छाया उरत असेल तर "दर पानाला पूर्ण रिफ्रेश" हा पर्याय लावा.

झोपेच्या बाबतीत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपण्यापूर्वी प्रकाश फेकणाऱ्या टॅब्लेटवर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सरासरी दहा मिनिटं उशीर झाला आणि मेलाटोनिन, म्हणजे झोपेशी निगडित संप्रेरक, घटलं. त्यात बाराच जण होते आणि उजेड पूर्ण ठेवलेला होता, म्हणून त्याचा बाऊ करू नका. पण रात्रीचं शेवटचं वाचन फोनवर नको, एवढं त्यावरून नक्की घ्या.

आतापर्यंतचं एका ओळीत: फोनवरची पीडीएफ सोडा, ई-रीडरची मांडणी एकदाच ठरवा, आणि वेगाला आवर घाला.

तो आवर कसा घालायचा? प्रकरण उघडण्याआधी अनुक्रमणिका वाचा आणि प्रकरणातली उपशीर्षकं वहीत उतरवा. पानाला किती वेळ द्यायचा ते आधीच ठरवा. घट्ट वैचारिक गद्याला छापील डेमी पानामागे अडीच-तीन मिनिटं हा माझा अंदाज आहे, विषय नवा असेल तर जास्त. प्रत्येक प्रकरणानंतर यंत्र बाजूला ठेवून, न बघता, वहीत तीन-चार वाक्यं लिहा: लेखकाचं म्हणणं काय, त्याचा आधार काय, पटलं नाही ते काय. मग उघडून ताडून बघा. समजल्याचा खोटा विश्वास इथे लगेच उघडा पडतो. ठळक खुणा करणं हा याला पर्याय नाही. बोट फिरवून रंगवणं इतकं सोपं असतं की निम्मं प्रकरण पिवळं होतं आणि डोक्यात काहीच शिल्लक राहत नाही. प्रकरणाला पाच खुणा, त्याहून जास्त नाहीत. वाय-फाय बंद ठेवा. वहीत पानाऐवजी प्रकरण आणि उपशीर्षक नोंदवा, कारण यंत्र बदललं की पान क्रमांक बदलतो.

काही पुस्तकं मात्र मी कागदावरच घ्या म्हणेन. जिथे मजकूर, टिपा, नकाशा आणि सूची यांच्यात सतत ये-जा करावी लागते, ती सगळी. छापील पुस्तकात एक बोट टिपांच्या पानात आणि एक नकाशात ठेवून वाचता येतं. ई-पुस्तकात टिपेवर टिचकी मारून परत येणं जमतं, पण दोन जागा एकाच वेळी समोर ठेवणं जमत नाही. तक्ते सहा इंची पडद्यावर मोडतात. कवितेची ओळ मोठ्या अक्षरात दुमडते आणि कवीने ओळ कुठे तोडली होती तेच हरवतं, मला हे फार खटकतं. परीक्षेचा अभ्यास, आणि जे पुस्तक वर्षभर पुन्हा पुन्हा उघडणार आहात ते, हेही कागदावर. उलट शब्दकोश, संदर्भग्रंथ आणि एकदाच सरळ वाचून बाजूला ठेवायचं ललित वाचन स्क्रीनवर चांगलं चालतं. दृष्टी कमी असलेल्यांना अक्षर हवं तेवढं मोठं करता येणं किंवा मजकूर ऐकता येणं ही सोय इतकी मोलाची आहे की तिथे कागदाचा आग्रह धरणं अन्यायाचं होईल.

कागद घेतला म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही, वाईट छपाई स्क्रीनहून त्रासदायक असते. पुस्तक मधोमध उघडा. ते सपाट राहत नसेल आणि ओळींची टोकं शिवणीत बुडत असतील तर आतला समास अपुरा आहे. गोंदाने चिकटवलेल्या बांधणीला आत किमान १८ ते २० मिलिमीटर लागतात. मागच्या पानावरचा मजकूर ओळींमधून दिसत असेल तर कागद पातळ आहे. नुसत्या मजकुराला ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), किंचित पिवळसर नॅचरल शेड कागद उत्तम. चकचकीत आर्ट पेपर चित्रांसाठी ठीक, पण त्यावर दिवा चमकतो आणि पान सतत तिरपं करत वाचावं लागतं.

आणि तुमचा जागेचा प्रश्न. सगळं पुस्तक कागदावर असायलाच हवं असं नाही. हक्कमुक्त किंवा स्वतः वापरायची परवानगी असलेली पीडीएफ असेल तर तिच्यातलं कठीण प्रकरण तेवढं छापून घ्या. आडव्या ए-फोर कागदावर दोन पानं शेजारी बसवली की प्रत्येक पानाला जवळपास ए-फाइव्हची जागा मिळते. डेमी पान त्यात फार लहान न होता बसतं, १३ पॉइंटचं अक्षर १२ च्या आसपास राहतं. ७५ किंवा ८० जीएसएमचा कागद, दोन्ही बाजूंनी छपाई. चाळीस पानांचं प्रकरण दहा कागदांत येतं, समासात टिपणं करता येतात, आणि काम झालं की टिपणं वहीत घेऊन कागद रद्दीत देता येतात.

कपाट आवरताना प्रत्येक पुस्तकाला एकच प्रश्न विचारा: गेल्या दोन वर्षांत यात काही शोधायला परत आलो का? नसेल आणि त्याची ई-आवृत्ती मिळत असेल तर ते देऊन टाकायला हरकत नाही. एक सावधगिरी आहे. विकत घेतलेलं ई-पुस्तक हा बहुधा वाचण्याचा परवाना असतो, वस्तू तुमची होत नाही. २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादातून काही विकलेली पुस्तकं वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढली होती आणि नंतर माफी मागितली होती. पुढे मिळणार नाही असं वाटणारं पुस्तक म्हणून कागदावर ठेवा. जी ई-पुस्तकं कॉपी रोखणाऱ्या कुलपाशिवाय मिळतात त्यांची प्रत स्वतःकडे दुसऱ्या डिस्कवर घ्या.

कुठल्याही खर्चाआधी एक छोटी चाचणी करा. एकाच वैचारिक पुस्तकाची साधारण सारख्या लांबीची दोन प्रकरणं घ्या. एक वर सांगितलेल्या सेटिंगने ई-रीडरवर वाचा, दुसरं छापून. दोन्हींना सारखा वेळ द्या आणि दोन्हींनंतर न बघता लिहा. आठवड्याने पुन्हा न बघता लिहा आणि दोन्ही टिपणं शेजारी ठेवा. फरक नगण्य असेल तर तुमचा अडथळा वेगाचा आणि मांडणीचा होता, आणि ई-रीडर पुरेसा आहे. फरक ठळक असेल तर वर्षातली मोजकी जड पुस्तकं कागदावर आणि बाकीची ई-रीडरवर अशी वाटणी करा. तुमच्या ई-रीडरचं मॉडेल, आणि त्यावरची पुस्तकं ईपब आहेत की पीडीएफ, हे कळवलंत तर त्या यंत्रावर समास कापण्याची आणि फॉन्ट टाकण्याची नेमकी पद्धत सांगता येईल.